कुरडयांच्या गच्चीवरचे चेहरे

चीकवाटी

आजीला जाऊन आता नऊ वर्षं होतील. तेराव्याला लावायला फोटो हवा म्हणून आम्ही घरातली कपाटं आणि दोन ट्रंका पालथ्या घातल्या. तिचा एकटीचा असा एकही फोटो निघाला नाही. सापडले ते दोनच. एक काकाच्या लग्नातला. त्यात ती तिसऱ्या रांगेत, पुढच्या पाहुण्याच्या फेट्याआड अर्धी झाकलेली. दुसरा बँकेच्या पासबुकावरचा, आजोबांबरोबरचा, आणि त्यावरचा गोल शिक्का नेमका तिच्या गळ्यावरून गेलेला. शेवटी पासबुकावरचाच चेहरा मोठा करून घेतला. फ्रेम घरी आली, वडिलांनी वरचा कागद सोडला आणि बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. चेहरा आजीचा, पण गळ्याखाली दुसऱ्याच कुणाची तरी सहावारी, जरीचा पदर खांद्यावर पिनेनं लावलेला. जन्मभर नऊवारीत वावरलेली बाई ती. तोच फोटो आजही बाहेरच्या खोलीत आहे आणि माहेरी गेले की मी त्याच्याकडे बघायचं टाळते.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी वाईला जाते ती कॅमेरा घेऊन, आणि तेही कुरडयांच्या दिवसांत.

आमच्याकडे कुरडया म्हणजे पाच दिवसांचं काम. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर पातेल्यात निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. जितका चीक तितकंच पाणी चुलीवर उकळत ठेवायचं, त्यात मीठ, हिंग. मग एकीनं चिकाची धार धरायची आणि दुसरीनं हात न थांबवता घोटायचं. चीक शिजला की पांढरेपणा जाऊन काचेसारखा चकाकायला लागतो. तसा तो झाला की पातेलं उचलून गच्चीवर धावायचं, कारण सोऱ्यातून तो गरम असतानाच नीट उतरतो.

हे एकटीचं काम नाहीच. आई, मोठ्या काकू आणि शेजारच्या मावशी अशी तिघींची सावड आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. एक दिवस आमची गच्ची, एक दिवस काकूंची, एक दिवस मावशींची. मधल्या काळात आम्ही दोघी बहिणी सासरी गेलो, काकांचं घर वेगळं झालं, एकदा तर काकू आणि आई सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. सावड मोडली नाही. त्या वर्षी दोघी मावशींमार्फत बोलायच्या, ‘तिला सांगा, सोऱ्याला तेल लाव’. मावशीही शांतपणे निरोप द्यायच्या, दोघी चार हातांवर बसलेल्या असताना.

आता फोटोंचं. पहिल्या वर्षी कुरडया निळ्या प्लास्टिकवर घातल्या होत्या. घरी येऊन फोटो बघितले तर तिघींच्या हनुवट्या, गाल, डोळ्यांखालचा भाग, सगळं निळसर. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मग लक्षात आलं की वाकून काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून जो उजेड येतो तो अंथरलेल्या कापडाचा रंग घेऊन येतो. दुसऱ्या वर्षी आजोबांचं जुनं पांढरं धोतर अंथरायला सांगितलं, आणि काय सांगू! सूर्य पाठीमागे, पदराच्या कडेला सोनेरी रेघ, आणि धोतरावरून उसळलेला मऊ पांढरा उजेड थेट चेहऱ्यावर. डोळ्यांखालच्या सावल्या गेल्या. डोळ्यांत धोतराचा एक लांबट पांढरा ठिपका चमकत होता. स्टुडिओत दिवे लावून जे करतात ते आजोबांच्या धोतरानं केलं.

वेळ साडेसहा ते आठ, एवढीच. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, कपाळाची सावली डोळ्यांत पडते आणि सगळ्या डोळे बारीक करून बघतात.

माझ्याजवळ आज अशा कितीतरी उन्हाळ्यांचे फोटो आहेत. त्यातला सगळ्यांत आवडता मावशींचा आहे. ओळ पूर्ण झाली की मावशी गुडघ्यावर हात टेकून उठतात, डावा हात कमरेवर ठेवतात, उजव्या हातात सोऱ्या तसाच, त्यातून चिकाचा एक दोरा लोंबतोय, आणि घातलेल्या कुरडया मनात मोजतात. ओठ किंचित हलतात. कुणी बघतंय याचं भान नसतं. पाच-सहा सेकंदांचा खेळ. तो चेहरा मिळायला मला तीन उन्हाळे लागले.

चेहऱ्यांचे फोटो मी इथे टाकणार नाही, त्या तिघींना इथलं जग माहीत नाही. पण विचारायचंय ते हे: तुमच्या घरात असे फोटो कुणी काढतं का? कुठल्या कामात असताना? आणि कुणाचा काढायचा राहून गेला?

तापीकाठ

वाचता वाचता डोळे भरून आले. आमच्या जळगावकडे कुरडया आहेतच, पण खरा सोहळा ज्वारीच्या बिबड्यांचा. घाटा शिजवून ओल्या धोतरावर हातानं थापायचे, आणि वाळले की कापड उलटं करून सोडवायचे. माझी आई बिबडे सोडवताना कापड कानाजवळ नेऊन आवाज ऐकते. नीट वाळला असेल तर कापड सुटताना वेगळं वाजतं म्हणते. एवढी वर्षं बघतेय, पण याचा फोटो काढावा असं आज पहिल्यांदा मनात आलं.

प्रश्न: माझ्याकडे फक्त फोन आहे. होईल का? आणि आमच्याकडे आठ वाजता ऊन इतकं कडक असतं की तुमची वेळ इथे चालणार नाही.

गोडाचा सांजा

चीक! गरम चीक, वर दूध आणि साखर. बाकी धागा नंतर वाचते, आधी हे लिहून टाकते.

तापीकाठ

आमच्याकडे चिकावर कच्चं तेल आणि तिखट. दूध-साखर पहिल्यांदाच ऐकलं.

चीकवाटी

आमच्याकडे लहान मुलांना दूध-साखर आणि मोठ्यांना तूप. पातेल्याच्या तळाची खरवड ज्याच्या वाट्याला येईल त्याचा दिवस चांगला.

तापीकाठ, फोन चालेल. माझ्या भाचीनं गेल्या वर्षी सगळे फोननंच काढले. तिच्याकडून शिकले त्या गोष्टी सांगते. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, अगदी जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोन-तीन पावलं मागे व्हायचं आणि २एक्स झूम वापरायचं. भोवती पांढरं कापड असलं की फोन फसतो, सगळं फार उजळ आहे समजून चेहरा काळवंडवतो. चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसतं ते थोडं वर सरकवायचं.

आणि ब्यूटी मोड आधी बंद करा. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. काकूंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. पहिल्या फोटोत ते इतके फिके झाले की दिसेचनात, सुरकुत्याही गेल्या. भाची म्हणाली, आज्जी छान दिसतेय. काकूंनी फोन हातात घेतला, बघितलं आणि विचारलं, ‘ही कोण?’

रीळ ३६

चीकवाटी, तुमच्या आजींच्या फोटोबद्दल लिहायलाच हवं, कारण असे फोटो मी केलेत. आमचा स्टुडिओ होता, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात, वडिलांनी सुरू केलेला. बंद करून दहा वर्षं झाली.

पासपोर्टचे फोटो, लग्नं आणि ‘कॉपी’ यावर आमचं घर चाललं. कॉपी म्हणजे जुन्या फोटोवरून नवा फोटो काढायचा, मोठा करायचा. दर आठवड्याला एक-दोन तरी माणसं यायची, डोळे सुजलेले, हातात पासबुक नाहीतर लग्नाचा ग्रुप फोटो. ‘यातली ही आमची आई, हिचा मोठा करून द्या.’ नखाएवढा चेहरा. त्याची निगेटिव्ह करायची, बारीक टोकाच्या पेन्सिलनं निगेटिव्हवर डोळे, भुवया, ओठांची कड उजळून घ्यायची, आणि मग मोठा. वडील एकेका चेहऱ्यावर दोन-दोन तास बसायचे. पुढे कॉम्प्युटर आला आणि खांद्याखालचं अंग बदलणं सोपं झालं. कोट-टाय घातलेली, शालू नेसलेली अंगं आमच्याकडे तयार ठेवलेली असायची.

तुम्हाला तो फोटो बघवत नाही, ते मला समजतं. पण एक सांगतो. ती साडी आम्ही आपल्या मनानं कधीच घालत नव्हतो. घरचेच सांगायचे. एक शेतकरी आला होता, आईचा फोटो घेऊन. म्हणाला, ‘अंगावर काहीतरी भारी दिसू दे. तिला कधी घेता आलं नाही.’ मी शालू लावला. फोटो न्यायला आला तेव्हा त्यानं पैसे मोजून दिले आणि फोटो छातीशी धरून बाहेर गेला.

फोटोत माणसं ताठ का बसतात याचंही एक कारण आमच्या धंद्यात आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातले एक. त्या काळी काचेवर फोटो काढायला कित्येक सेकंद हलायचं नाही असं असे, मानेच्या मागे लोखंडी आधार लावत. तेवढा वेळ हसू टिकत नाही, म्हणून चेहरा स्थिर, हात मांडीवर. ती गरज कधीच संपली, पण बसण्याची रीत राहिली. आमच्या स्टुडिओतही माणूस स्टुलावर बसला की आपोआप श्वास रोखायचा. वडील तेव्हा काहीतरी विचारायचे. बैल कसा आहे, पाऊस पडला का. उत्तर द्यायला तोंड उघडलं की बटण. तुमच्या मावशींचे ओठ हलतात, तेच.

उजेडाबद्दल: धोतराचं तुम्ही स्वतः शोधलंत, फार बरं वाटलं. वीज बेभरवशाची होती तेव्हा आमच्या स्टुडिओला उत्तरेकडे मोठी काच होती. उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. घरातही तेच करा. ट्यूब बंद, माणूस खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर नाहीतर थर्माकोल. बस्स. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी काढलेले फोटो बघा कधी, चेहऱ्यावर उजेड कसा अलगद उतरलेला असतो. २०११ साली ते गेले तेव्हा आम्ही स्टुडिओत दिवसभर काम केलं नव्हतं.

तापीकाठ, तुमच्या उन्हाचा उपाय: गच्चीवर जिन्याचं दार असेल ना, त्याच्या सावलीत आईंना बिबडे सोडवायला बसवा, उन्हाकडे तोंड करून. माणूस सावलीत, समोरची गच्ची उन्हात. समोरून उजेड येतो आणि डोळे मिटावे लागत नाहीत. दुपारी बारा वाजतासुद्धा चालतं.

तापीकाठ

काका, जिन्याचं दार आहे! आई तिथेच बसते, सावली असते म्हणून. धन्यवाद.

उंबरठा

सगळं छान, पण मला एक बोलायचंय. विचारल्याशिवाय काढलेला फोटो मला पटत नाही, आपल्या माणसाचासुद्धा. माझी आजी फोटो काढू देत नसे. आजोबा गेल्यावर तिनं कपाळ मोकळं ठेवलं आणि त्यानंतर कॅमेरा दिसला की आत निघून जायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं तिच्या लहानपणी सांगायचे, ते निमित्त होतं. खरं कारण तिनं मला एकदाच सांगितलं. ‘तुझ्या आजोबांच्या शेजारी माझा कुंकवाचा फोटो आहे. तोच राहू दे.’ मामेभावानं एकदा ती दळत असताना लपून फोटो काढला. चांगला आला होता. तिला दाखवला तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

काम करणाऱ्या बाईचा केस विस्कटलेला, पदर खोचलेला, घामेजलेला फोटो आपल्याला सुंदर वाटतो. तिला तो तसाच मागे राहावा असं वाटतं का?

चीकवाटी

उंबरठा, बरं झालं लिहिलंत. मी पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं आणि आई रागावली होती. ‘हे काय ध्यान काढतेस, थांब, साडी बदलून येते.’ तेव्हापासून नियम केला. आदल्या रात्री तिघींना सांगायचं, उद्या कॅमेरा आणणार. मग त्या हवी ती साडी नेसतात. काकू गजरा माळतात, चिकाच्या पातेल्यासमोर गजरा! आणि काम सुरू झालं की पाच मिनिटांत कॅमेरा विसरतात. संध्याकाळी सगळे फोटो त्यांना दाखवते आणि त्यांनी ‘हा नको’ म्हटलेला तिथल्या तिथे पुसते. मला फार आवडलेले दोन असे गेले. एक अजून आठवतो. पण पुसला.

तुमच्या आजींचं जे होतं, ते त्यांचं ठरलेलं होतं. तो कुंकवाचा फोटो त्यांनी निवडला होता. माझ्या आजीला कुणी निवडायलाच दिलं नाही.

उंबरठा

हं. हे पटलं. निवडायला मिळणं.

फणसपोळी

राजापूरहून. आमच्याकडे मे महिन्यात अंगणात फणसाची साठं आणि आंबापोळ्या. ताटाला तूप लावून रस ओततात, थर वाळला की वर दुसरा. आजोबा राखण करतात, हातात काठी, खुर्ची आंब्याच्या सावलीत. कावळ्यांशी बोलत असतात. त्यांचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत.

माझं दुखणं वेगळं आहे. पणजीचा एकमेव फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटलाय. दर पावसाळ्यात थोडा जास्त चिकटतो, आता गालावर चकचकीत डाग दिसतो. काढायला गेले तर फाटेल अशी भीती वाटते. रीळ ३६ काका, काही करता येईल का?

रीळ ३६

ओढू नका! फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात की चित्र काचेवर राहील आणि कागद हातात येईल. वाफ देणं, हेअर ड्रायर, पाणी, यातलं काही घरी करू नका.

आधी आहे तसाच, काचेसकट त्याचा फोटो काढून ठेवा. ढगाळ दिवशी, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्रेम टेबलावर आडवी ठेवून. बरोबर वरून काढा. काचेत तुमचं प्रतिबिंब येईल, ते टाळायला काळं कापड घ्या, त्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि त्यातून काढा. चार-पाच वेळा काढा. एवढं हाती आलं की मग मूळ फोटोची घाई नाही, जुनी कागदपत्रं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवता येईल.

आणि पुढची फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. फोटोचा काचेला स्पर्श होता कामा नये. चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातलेही फोटो हळूहळू बाहेर काढा, तो गोंद वर्षानुवर्षं फोटो खातो. कोकणात तर अल्बम भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवूच नका.

दक्षिणायन

मेलबर्नहून लिहितेय. इथलं ऊन डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणून माझं वाळवण जानेवारीत असतं. साबुदाण्याच्या चकल्या आणि बटाट्याच्या पापड्या, मागच्या अंगणात, पांढऱ्या चादरीवर. पहिल्या वर्षी कुंपणापलीकडून शेजारच्या आजी बघत होत्या. इटलीहून पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या. त्या मला काही विचारत होत्या, मी काही सांगत होते, कुणालाच नीट कळत नव्हतं. मग त्यांनी मला हात धरून त्यांच्या अंगणात नेलं. तिथे सगळं कुटुंब टोमॅटोचा रस काढत होतं, वर्षभराचा, बाटल्या भरून. मुलगा, सून, नातवंडं, ड्रममध्ये उकळत्या पाण्यात बाटल्या. मला एकदम आमचं नाशिकचं अंगण आठवलं.

आता सहा वर्षं झाली. त्या मला चादर अंथरू लागतात, मी त्यांच्या टोमॅटोला हात लावते. दरवर्षी एक पिशवी पापड्या तिकडे जाते आणि बारा बाटल्या इकडे येतात. आमटीत तो रस काय लागतो!

फोटो काढलाय, कुंपणापाशी, दोघींचा, त्यांच्या नातीनं. आजींचे हात कोपरापर्यंत लाल आहेत, माझ्या हाताला साबुदाण्याची खीर वाळलेली. माझ्या आईनं तो नाशिकला देवघराशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘ही तिकडची माझी विहीण.’

गोडाचा सांजा

धागा पूर्ण वाचला. प्रिंट कुठल्या आकाराची काढता सगळे? माझ्याकडे फोनमध्ये आईचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि भिंतीवर एकही नाही.

रीळ ३६

भिंतीसाठी ८ बाय १० इंच. त्याला निदान २४०० बाय ३००० पिक्सेल हवेत, आजच्या फोनमध्ये आरामात असतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन जातो, तोच प्रिंटला दिला तर चेहरा मेणाचा दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. कागद मॅट घ्या, चकाकी नाही आणि बोटांचे ठसे उमटत नाहीत. शेकड्यांतून निवडायचं कसं म्हणाल, तर आमच्याकडे ॲग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याच्या रोलला बाराच फोटो यायचे. बाराच निवडायचे आहेत असं समजा आणि आईंना शेजारी घेऊन बसा.

चीकवाटी

रीळ ३६ काका, तुमचं वाचल्यावर दोन दिवस ते डोक्यातून जाईना. काल रात्री वडिलांना फोन केला आणि विचारलं, आजीच्या फोटोत ती जरीची साडी कुणी घालायला सांगितली होती? मला आजवर वाटायचं स्टुडिओवाल्यानं परस्पर केलं.

वडील थोडे थांबले. म्हणाले, ‘मीच.’ त्यांच्या पहिल्या पगारात त्यांना आजीला जरीचं लुगडं घ्यायचं होतं. त्या महिन्यात काकाची फी भरली. पुढच्या महिन्यात पत्रे गळत होते. मग राहिलंच. ‘तिथे संगणकावर तो मुलगा म्हणाला, काय घालू? मी म्हटलं, जरीचं काहीतरी. नऊवारी त्याच्याकडे नव्हती.’ आणि मग म्हणाले, ‘घरी आणून बघितलं तेव्हा कळलं, ही आई नाही. पण आता काढवतही नाही.’

मी नऊ वर्षं त्या फोटोवर रागावले होते.

रीळ ३६

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तापीकाठ

मीही काल फोटो काढले. जिन्याच्या दारात, सावलीत, जसं काकांनी सांगितलं तसं. आई कापड कानाशी नेते तो क्षण मिळाला. डोळे मिटलेले आहेत, पण मुद्दाम तोच ठेवला. आईला दाखवला. म्हणाली, ‘मी अशी ऐकते होय?’ तिला माहीतच नव्हतं. मग शेजारणीला बोलावून तिलाही दाखवला, आणि दोघी मिळून फोटोतल्या बिबड्याच्या कडा जाड झाल्यात का यावर बोलत बसल्या.

उंबरठा

मी आजीचा कुंकवाचा फोटो काल फ्रेममधून काढून बघितला. काचेच्या मागे पुठ्ठ्याची चौकट आहे, फोटो काचेला चिकटलेला नाही. कुणीतरी काळजीनं केलंय.

चीकवाटी

आज शुक्रवार, मावशींच्या गच्चीचा दिवस होता. पाच किलो गव्हाच्या कुरडया, नऊच्या आत संपल्या. मी सोऱ्या दाबत होते, फोटो भाचीनं काढले.

गेल्या महिन्यात मावशींना तो फोटो ८ बाय १० करून दिला होता, ओळ मोजतानाचा. भिंतीवर दिसला नाही म्हणून विचारलं. त्यांनी आतल्या खोलीत नेलं, ट्रंक उघडली. वर नव्या साड्या, मधे त्यांची लग्नातली शाल, आणि शालीच्या घडीत फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सुनेला बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, ‘मी गेले की हा लावायचा. शोधाशोध नको. आणि फ्रेमवाल्याला सांगायचं, हातातला सोऱ्या कापायचा नाही.’

सून रडायला लागली तशी मावशी तिच्यावर ओरडल्या, ‘अगं, चीक गार होतोय!’ आणि आम्ही तिघी पळत वर गेलो.